अण्णांबरोबर पाचिंको हॉलमध्ये

जपानमध्ये कॅसिनो नाहीत. जुगाराला कायद्यानं बंदी आहे. म्हणून इथे जवळपास प्रत्येक स्टेशनाशेजारी पाचिंकोचा हॉल असतो. आत हारीनं उभी यंत्रं, यंत्रांपुढे स्टुलं आणि स्टुलांवर माणसं. ती एक मूठ फिरवून बारीक पोलादी गोळ्या काचेमागच्या खिळ्यांवर उडवत बसतात. गोळी योग्य भोकात गेली की आणखी गोळ्या मिळतात आणि गोळ्या काउंटरवर नेऊन दिल्या की बक्षीस मिळतं. त्या बक्षिसाचं पुढे कोपऱ्यावरच्या एका छोट्या खिडकीत काय होतं, याच्याशी हॉलचा संबंध नसतो. हे सगळं एकोणीस वर्षांपूर्वी, मी लग्न होऊन त्सुकुबाला आले तेव्हा, एका शेजारणीनं मला समजावून सांगितलं होतं. आपल्याला यातलं काही कळून घ्यायची गरज नाही, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

पुढे महामारीच्या दुसऱ्या वर्षी मी दोन दिवसांत असे तीन हॉल पाहिले, तेही वडिलांबरोबर. ज्यांना हा योग आला नाही त्यांच्यासाठी लिहिते आहे. अशा दिवसांत अशा ठिकाणी जायचंच झालं तर जीव सांभाळून कसं जावं, तेही ओघानं येईल. त्या विषयात आमच्या अण्णांइतका अभ्यास दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

त्सुकुबा, बुधवार

केदारचा फोन संध्याकाळी आला. केदार माझा धाकटा भाऊ, नागोयाला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. तो एरवी मेसेज करतो. फोन केला की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

"ताई, अण्णा कॅसिनोत जातात," तो म्हणाला.

"कुठल्या कॅसिनोत? इथे कुठे आलेत कॅसिनो?"

"पाचिंको गं. रोज सकाळी. आम्हाला सांगतात फिरायला जातो म्हणून."

मी भाजी चिरत होते, ती बाजूला ठेवली. आमचे अण्णा शहात्तर वर्षांचे. चिंचवडच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, पत्रा ठोकून आकार देणाऱ्या यंत्रांवर, त्यांची उभी हयात गेली, शेवटची काही वर्षं सेफ्टीच्या खात्यात. दिवाळीतसुद्धा त्यांनी कधी पत्त्याला हात लावला नाही. आई गेल्यावर बदल म्हणून तीन महिन्यांसाठी केदारकडे आले आणि विमानं बंद झाली. त्याला आता सव्वा वर्ष होत आलं होतं.

पुरावा केदारच्या बायकोनं, मृणालनं शोधला होता. इथे जाहिरातीसाठी रस्त्यावर टिश्यू पेपरचे छोटे पुडे फुकट वाटतात. अण्णांच्या पँटी धुवायला टाकताना तिला खिशात असे अकरा पुडे मिळाले, सगळे एकाच पाचिंको हॉलचे. मग केदारनं एके दिवशी रजा टाकून स्वतःच्या बापाचा पाठलाग केला. पावणेदहाच्या सुमारास अण्णा हॉलच्या दारात रांगेत उभे होते, तिसरे.

"मृणालला सातवा चाललाय. आठ वर्षांनी, ताई," केदार म्हणाला. "तिला लस मिळालेली नाही. आम्ही घरात मास्क लावतो, पाळीपाळीनं जेवतो, अण्णांचं ताट त्यांच्या खोलीत देतो. आणि हे तिकडे कॅसिनोत. बोलायला गेलं तर बरं बरं म्हणतात आणि दार लावून घेतात. महिनोन्‌महिने धड बोललेले नाहीत आमच्याशी."

माझ्याशी मात्र अण्णा दर रविवारी व्हिडिओवर तासभर गप्पा मारत. लेकीवर जीव जास्त असतो, असं मी मनात म्हटलं आणि थोडी सुखावलेही. आता लिहिताना त्याची लाज वाटते.

"मी तिकीट काढलंय," केदार म्हणाला. "पुढच्या शनिवारी भारतात एक खास विमान जातंय. तू ये आणि समजाव त्यांना. रविवारपर्यंत ऐकलं तर ठीक, नाहीतर जातील."

"चिंचवडला? एकटे?"

"इथे तरी कुठे आमच्यात असतात."

त्या दिवसांत पुण्याहून रोज कुणाच्या ना कुणाच्या जाण्याची बातमी येत होती. बंद फ्लॅट, तिसरा मजला, आणि डबा कोण देणार याचा पत्ता नाही. शिवाय अण्णांनी नातवंड बघून जायचं म्हणून दोनदा व्हिसा वाढवून घेतला होता, स्वतः रांगेत उभं राहून. मी ऑफिसात रजा टाकली. माझी पंधरा वर्षांची मुलगी मराठी समजते पण जपानीतच बोलते. आजोबा पाचिंको खेळतात हे ऐकून ती फक्त "कक्कोई" म्हणाली. म्हणजे भारीच आहेत.

नागोया, शुक्रवार

ट्रेन टाळून मी गाडीनं गेले. निघण्याआधी चाचणी करून घेतली, ती निगेटिव्ह आली. तरी केदारनं मला घरात घेतलं नाही. त्याचा फ्लॅट तळमजल्याला आहे, पुढे छोटासा व्हरांडा आणि समोर पार्किंग. त्यानं मला दुरूनच हातवारे करत गाडी अगदी मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे पाठ करून लावायला सांगितली. इथे गाडीच्या नंबरप्लेटवर गावाचं नाव असतं आणि त्या काळात दुसऱ्या प्रांताची गाडी दिसली की शेजारी अस्वस्थ होत. नंतर त्यानं मृणालनं केलेला डबा माझ्या बॉनेटवर ठेवला आणि चार पावलं मागे सरकला. डब्यात थालीपीठ आणि लोणी होतं. मी ते गाडीत बसून खाल्लं. माहेरपण म्हणायचं ते हेच.

अण्णा बाहेर आले. दोन मास्क, टोपी, खांद्याला पिशवी, शर्टाच्या खिशात डायरी आणि पेन. चेहरा काही दिसत नव्हता, पण माझ्याकडे बघून डोळे हसले. मी काही विचारायच्या आत त्यांनीच सुरुवात केली. रस्त्यात ट्रक किती लागले असतील, फुजी दिसला नसेल कारण ढग आहेत, टायरमधली हवा उन्हाळ्यात थोडी कमी ठेवावी. मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. मी वाट पाहिली आणि मिळालेल्या पहिल्या फटीत मोठ्यानं म्हटलं, "अण्णा, केदारनं मला सगळं सांगितलंय. मला तो हॉल बघायचाय."

'हॉल' म्हणताना मी हातानं मूठ फिरवल्यासारखं केलं. अण्णांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"चल," ते म्हणाले. "मागे बस म्हणालीस तर मागे बसतो. काचा दोन बोटं उघड्या ठेव."

मला वाटलं होतं ते वरमतील, निदान ओशाळतील. ते मागच्या डाव्या सीटवर बसून मला रस्ता दाखवत होते.

पहिला हॉल सुपरमार्केटच्या मागे होता. अण्णा दारात थांबले, पिशवीतून टिश्यू पेपरची एक उभी चिंधी काढली आणि दोन बोटांत धरून हात लांब केला. चिंधी आतल्या बाजूला उडाली. मग ते आतल्या टोकाला गेले, तिथे छताखाली चिंधी धरली, परत आले आणि डायरीत लिहिलं: 'हवा दारातून मागे. चांगली. दुपारी थोडी मंद.' दारावर हवा तासातून किती वेळा बदलते याची मोठी पाटी होती.

"पाटीवर लिहिलं म्हणून होत नसतं," ते म्हणाले. "पण इथे होतं. पूर्वी हे लोक आत सिगरेटी ओढायचे, त्यामुळे पंखे दणकट आहेत. तुमच्या त्या सुपरमार्केटपेक्षा बरं."

अण्णांचे नियम असे. दार उघडल्यापासूनचा पहिला तास किंवा दुपारी जेवणाच्या वेळेचा, मधला नाही. रांगेच्या टोकाचं स्टूल. आधी मूठ पुसायची, मग कळ, मग स्टुलाची कड. आत असेपर्यंत तोंडाला हात नाही, पाणी नाही, चॉकलेट नाही. चाळीस मिनिटं झाली की, जिंकत असलात तरी, उठायचं. घरी आल्यावर कपडे थेट मशीनमध्ये. शेवटचा नियम त्यांनी पाळला नसता तर त्यांना कुणी पकडलं नसतं.

तापमान घेणाऱ्या यंत्रापुढे आम्ही कपाळं धरली, पायानं पेडल दाबून हाताला औषध लावलं आणि आतलं दार सरकलं. आवाजाबद्दल काय सांगू. लहानपणी आमच्या स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी एकदा भिंतीवरून कोसळली होती. तो आवाज, फक्त न थांबणारा, आणि वर बँड. मी अण्णांच्या कानाशी ओरडले तर मलाच माझं ऐकू आलं नाही. अण्णा मात्र देवळात शिरल्यासारखे शांत झाले होते.

त्यांनी सगळ्यात स्वस्त रांगेतलं टोकाचं यंत्र घेतलं, मला शेजारच्यावर बसवलं. मध्ये प्लास्टिकची पारदर्शक फळी. खेळण्यात त्यांचं लक्ष नव्हतं. मूठ जेमतेम फिरवत आणि इकडेतिकडे बघत. थोड्या वेळानं पलीकडच्या रांगेतून लोकरीची टोपी घातलेल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या आणि अण्णांना बघून वाकल्या. अण्णा उठून वाकले. बाईंनी गुडघ्याकडे बोट दाखवून तळहात खाली केला. अण्णांनी मान हलवून हातानं मालिश केल्यासारखं दाखवलं. बाईंनी दोन्ही हातांची फुली केली, म्हणजे नाही, ते नाही चालत. मग त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. अण्णांनी कमरेएवढी उंची दाखवली, मग खांद्याएवढी, मग आपल्या छातीवर हात ठेवला. बाईंनी मला पुन्हा वाकून नमस्कार केला. मीही केला. माझी ओळख करून देऊन झाली होती.

बाई गेल्या तर हॉलमधला एक कर्मचारी आला. त्यानं अंगठा आणि बोट जोडून गोल केला, अण्णांनीही केला. एका आजोबांनी लांबून कप उचलल्यासारखं केलं, अण्णांनी आपल्या तोंडावरचे दोन्ही मास्क दाखवून हात हलवला. सव्वा वर्षात घरात धड न बोललेला हा माणूस इथे चाळीस मिनिटांत तीन जणांशी गप्पा मारून मोकळा झाला.

एक चाल मला फार ओळखीची वाटली. बाथरूमला जाताना माणसं यंत्राच्या तबकात रुमाल टाकून जात. रुमाल असला की त्या जागेला कुणी हात लावत नाही. आम्ही सुट्टीत एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचो, आणि तरी भांडणं व्हायची. इथे भांडण नाही. अण्णांचा चौकडीचा रुमाल तिथे असा काही पसरला होता की जणू तो स्वारगेटहूनच आलाय.

बाहेर आल्यावरही आतल्या सवयीनं मी डोक्यावर टोपी ओढल्यासारखी खूण करून विचारलं, त्या बाईंचं नाव काय.

"टोपीवाल्या," अण्णा म्हणाले. "गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दोन मुलगे आहेत, एक ओसाकात असतो, फोन करत नाही."

"तुम्ही जपानी कधी शिकलात?"

ते आधीच गाडीकडे निघाले होते. "शॉपमध्ये असंच असायचं," चालता चालता म्हणाले. "प्रेस चालू असताना कोण कुणाचं ऐकणार? चहा, सुपरवायझर आला, हात काढ, बायको आजारी आहे, सगळं हातानं. इथे आलो आणि पहिल्या दिवशी वाटलं, अरे, हे तर आपलेच लोक."

संध्याकाळी हॉटेलवरून केदारला फोन केला. म्हटलं, खेळत नाहीत रे ते, नुसते बसतात. तो म्हणाला, व्हायरसला त्यानं काय फरक पडतो. त्याचं काही चुकत नव्हतं.

नागोया, शनिवार

नागोयात सकाळी कॉफी मागवली की बरोबर टोस्ट आणि उकडलेलं अंडं फुकट येतं. याला ते 'मॉर्निंग' म्हणतात आणि त्याचा त्यांना फार अभिमान आहे. पुण्यात कुणी असं काही फुकट देऊ लागला तर आधी त्याच्या हेतूची चौकशी होईल. टोस्टवर लोण्याबरोबर लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सारण असतं. अण्णांनी दोन घास खाल्ले आणि "पावावर पुरण" असा निर्णय दिला. दुसरा टोस्ट मागवला.

टेबलावर मधोमध फळी होती आणि पाटी होती: मोकुशोकू. मुकाट्यानं जेवा. खाताना मास्क काढायचा पण बोलायचं नाही, बोलायचं तर मास्क लावायचा. मी विसरले आणि टोस्ट हातात धरून बोलत सुटले. अण्णा एकदम खुलले. मुलीची शाळा, माझं ऑफिस, माझ्या नवऱ्याची, अभयची पाठदुखी, एकेक विचारत होते आणि माझं उत्तर संपायच्या आत हसत होते. अगदी रविवारच्या व्हिडिओसारखे. मग वेट्रेस आली, वाकली आणि पाटीकडे हात केला. आम्ही मास्क लावले. मी म्हटलं, "अण्णा, एक महत्त्वाचं बोलायचंय." ते म्हणाले, "चल, नाहीतर रांग मोठी होते."

दुसऱ्या हॉलबाहेर जमिनीवर पावलांचे स्टिकर होते आणि पावलांच्या प्रत्येक जोडीवर एकेक म्हातारं माणूस. दार उघडलं तेव्हा आतले सगळे कर्मचारी ओळीनं वाकले. या देशात इतकी वर्षं काढली पण माझ्यासाठी एवढे लोक एकदम कधी वाकले नव्हते. चिंधीची चाचणी झाली. डायरीत 'बरी' असा शेरा पडला. तिसरा हॉल मात्र नापास झाला, चिंधी हललीच नाही, आणि आम्ही दारातूनच परतलो. "इथे कधीही यायचं नाही," असं त्यांनी मला बजावलं, जशी काही मी दर आठवड्याला येणार होते.

त्याआधी, दुसऱ्या हॉलमध्ये, माझ्याकडून यंत्र बिघडलं. निदान मला तसं वाटलं. मी नुसती मूठ धरून बसले होते आणि अचानक त्यातून दिवे, शिट्ट्या, एक गाणारी मासोळी आणि गोळ्यांचा लोट सुरू झाला. मी मूठ सोडली, बेल दाबली आणि आलेल्या कर्मचाऱ्याची वाकवाकून माफी मागू लागले. तो हात जोडून माझा हात परत मुठीवर ठेवायला सांगत होता. अण्णा फळीपलीकडे खदखदा हसत होते. शेवटी माझ्या स्टुलामागे गोळ्यांचे डबे रचले गेले आणि टोपीवाल्या बाई, ज्या तिथेही होत्या, लांबून टाळ्या वाजवून गेल्या.

काउंटरवरच्या मुलीनं मला आधी ते खास बक्षीस दाखवलं, जे सगळे त्या छोट्या खिडकीत नेऊन पैशांत बदलतात. मी नको म्हटलं. मग तिनं वस्तूंचं कपाट दाखवलं. मी कपड्यांचा साबण, तांदळाची बिस्किटं आणि मास्कचं एक मोठं खोकं घेतलं. माझ्या आयुष्यातली जुगाराची कमाई एवढीच.

परतताना गाडीत मी ठरवलं की आता बोलायचं. अण्णा मागच्या सीटवर, मी पुढे, दोघांना मास्क, काचा दोन बोटं उघड्या. रस्त्यावर नजर असली की कठीण गोष्टी बोलायला सोपं जातं. मी सगळं बोलले. केदारनं तिकीट काढलंय. पुढच्या शनिवारी तुम्हाला पाठवणार आहे. मी काय करू, मला तुम्हाला त्या बंद घरात एकटं पाठवायचं नाहीये, मला रात्री झोप येत नाही, पुण्याहून फोन आला की धस्स होतं. त्सुकुबाला माझ्याकडे चला म्हणावं तर तुम्हाला केदारचं बाळ बघायचंय. एक शब्द द्या अण्णा, हे बंद करतो म्हणून, मी त्याला सांगते. एवढं बोलून मी रडायला लागले. मास्क ओला झाला.

मागून अण्णा म्हणाले, "उद्या साडेनऊला निघू. रविवारची गर्दी असते."

मला इतका राग आला की काय सांगू. एवढा निबर माणूस? सिग्नल लागला. मी आरशात पाहिलं. अण्णा खिडकीबाहेर बघत होते, अगदी प्रसन्न. आणि मग कुठून सुचलं माहीत नाही, मी त्याच आवाजात, मान न वळवता म्हटलं, "अण्णा, तुमच्या शेजारी वाघ बसलाय."

अण्णांनी आरशात माझे डोळे पाहिले, मी काहीतरी बोलले असावे असं त्यांना वाटलं, आणि मान हलवून म्हणाले, "बरं बरं."

पुढच्या चौकात एक कोनबिनी, म्हणजे चोवीस तास उघडं असणारं दुकान होतं, मोठ्या पार्किंगचं. तिथे मी गाडी थांबवली आणि स्टिअरिंग धरून बसले. आईला एक सवय होती. कुणीही काही बोललं की ती अण्णांकडे तोंड करून ते परत म्हणायची. केदार म्हणतोय चहा घेणार का. जोशी विचारतायत कसे आहात. आम्ही तिची नक्कल करायचो. आई गेली, मग जगानं तोंडाला मास्क बांधले, आणि या माणसाला ताट खोलीत मिळू लागलं.

मी बटणं दाबून सगळ्या काचा पूर्ण वर केल्या. अण्णा "अगं, हवा" म्हणाले. मी उतरले, गोल फिरून त्यांच्या खिडकीबाहेर उभी राहिले आणि मास्क काढला. आमच्यामध्ये काच होती. अण्णांच्या सगळ्या नियमांत ते बसत होतं.

"अण्णा," मी म्हटलं, "तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी आपले दोन्ही मास्क खाली ओढले. ते मोठ्यानं बोलतात, काचेतूनही ऐकू आलं.

"तुझी आई होती तोवर येत होतं," ते म्हणाले.

मी तिथेच उभी राहून रडले. एक बाई कॉफी घेऊन जाताना थांबल्या, वाकल्या आणि पुढे गेल्या.

"शॉपमध्ये पोरांना ओरडायचो, कानात बोळे घाला," अण्णा सांगत होते. "मी नाही घातले. मशीनच्या आवाजावरून मला डाय कुठे बिघडलीय ते कळायचं, बोळे घातले तर कसं कळणार? सेफ्टीचा माणूस आणि तोच बहिरा. कुणाला सांगू? केदारला सांगू नकोस."

"तो तुम्हाला जुगारी समजतोय. परत पाठवतोय."

तिकिटाचं त्यांना तेव्हा, काचेतून, पहिल्यांदा कळलं. "जुगारी म्हणून पाठवा," ते म्हणाले. "मी जाईन. बहिरा म्हणून ठेवून घेऊ नका. त्या पोरीला आता एक लहान बघायचंय, वर म्हातारं कशाला? मला शब्द दे."

मी म्हटलं, "बरं बरं."

नागोया, रविवार

रविवारी आम्ही हॉलला गेलो नाही. सकाळी मी केदारच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, त्याच कोपऱ्यात. अण्णा बाहेर आले आणि फडकं घेऊन माझ्या गाडीची मागची काच पुसायला लागले, आमच्याकडे पाठ करून. केदार माझ्यापासून दोन मीटरवर उभा राहिला. मृणाल व्हरांड्यात खुर्चीवर होती, मास्क लावून, पोटावर हात ठेवून.

अण्णा दहा पावलांवर होते. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल मोकळेपणानं बोलायला काही अडचण नाही, असं सांगूनच मी सुरुवात केली. सगळं सांगितलं. शब्द दिलाच नव्हता, त्यामुळे मोडायचा प्रश्न नव्हता. केदारचा विश्वास बसेना.

"अण्णा!" तो ओरडला. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. "अण्णा!"

अण्णा काच पुसत राहिले. खालच्या कडेला काहीतरी चिकटलं होतं, ते नखानं खरवडत होते.

केदारनं खिशातून फोन काढला. लहानपणापासून तो असाच आहे, वाईट वाटलं की काहीतरी शोधायला लागतो. पारदर्शक मास्क मिळतात, कानाचे डॉक्टर स्टेशनाशेजारी आहेत, कानाचं यंत्र बसवायला वेळ लागतो, असं तो एकामागून एक वाचून दाखवत होता. मध्येच थांबून त्यानं चष्मा काढून बाहीला पुसला. मग विमान कंपनीला फोन लावला आणि तो होल्डवर राहिला. फोनमधून बारीक गाणं ऐकू येत होतं.

तेवढ्यात मृणाल खुर्चीतून उठली. "ताई," ती म्हणाली, "म्हणजे मुलगी आहे हे अण्णांना ऐकूच आलं नाही?"

मला काही कळेना. केदार खाली बघायला लागला. मग मृणालनंच सांगितलं. इथे मुलगा की मुलगी ते डॉक्टर आधीच सांगतात. दोन महिन्यांपूर्वी कळलं तेव्हा ती आधी अण्णांच्या खोलीच्या दारात गेली होती, मास्क लावून, आणि म्हणाली होती, अण्णा, मुलगी आहे. अण्णा "बरं बरं" म्हणाले होते आणि त्यांनी दार लावून घेतलं होतं. ती दोन दिवस रडत होती. केदारनं त्यांना काही विचारलं नाही, पण तेव्हापासून त्याच्या मनातून ते गेलं नाही. तिकिटाचं कारण पाचिंको नव्हतंच.

"मला वाटलं, त्यांना नकोय," मृणाल म्हणाली.

ती आत गेली. व्हरांड्याचं काचेचं दार तिनं आतून ओढून घेतलं, नीट बंद झालं का ते पाहिलं आणि मास्क काढला. मी अण्णांना कोपराला धरून काचेसमोर आणलं. हातात फडकं तसंच होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत तिच्याकडे. सव्वा वर्ष एका घरात राहून महिनोन्‌महिने त्यांनी सुनेचं तोंड पाहिलं नव्हतं. गरोदरपणात तिच्या गालांवर वांग आले होते.

मृणाल सावकाश, शब्द तोडून म्हणाली, "अण्णा, मुलगी आहे."

अण्णांनी एक बोट वर केलं. परत सांग.

तिनं परत सांगितलं. अण्णा काचेच्या आणखी जवळ गेले आणि पुन्हा बोट वर केलं. तिनं पुन्हा सांगितलं, आता हसत. त्यांनी तिसऱ्यांदा बोट वर केलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्यांना पहिल्याच वेळी कळलं होतं. मृणालच्याही लक्षात आलं असावं. तिनं चौथ्यांदा सांगितलं.